शाणू मेस्ताची गाडी जड नव्हती

आमच्या जोयडा भागात एखादी वस्तू दिसायला देखणी पण वापरायला निकामी निघाली, की जुनी माणसं अजून म्हणतात, "ही तर शाणू मेस्ताची गाडी झाली!" मेस्त म्हणजे सुतार. लग्नाच्या मांडवाला म्हणतात, नव्या पंपाला म्हणतात, एकदा रामनगरच्या बाजारात एका बाईनं आपल्या जावयाला म्हटलेलं मी स्वतः ऐकलं. सगळे हसले, मीही हसलो.

ती गाडी मी पाहिली आहे. तिचं इंजिन मी निवडलं होतं. खोट होती ती माझ्या कामात, मेस्ताच्या नव्हे; आणि हे ठाऊक असलेला माणूस आता मी एकटा उरलो आहे.

या अंकासाठी माझ्याकडे गॅरेजातल्या गमती मागितल्या गेल्या. गमती आहेत. मी मूळचा खानापूरकडचा. जुन्या सुप्यात, जे आता धरणाच्या पाण्याखाली आहे, तिथं एका लाकडाच्या कंत्राटदाराकडे मी वीसेक वर्षं फिटर होतो. गॅरेज म्हणजे एक जुना आंबा, त्याच्या आडव्या फांदीला टांगलेली साखळी-कप्पी, आणि बाजूला गवताचं छप्पर. इंजिन उचलायचं तर त्या फांदीवर भार. सुटे भाग बेळगावहून यायचे, ते आठवड्यानं येतील की महिन्यानं याचा नेम नसे. म्हणून आम्ही जे हाताशी असेल त्यावर भागवत असू. रेडिएटर गळू लागला तर मूठभर हळद पाण्यात टाकायची. ती बारीक भोकात जाऊन फुगून बसते आणि गाडी मुक्कामाला पोचते. एका भाताच्या व्यापाऱ्याला मी ही युक्ती सांगितली, तर त्यानं नुसती हळद अशुभ म्हणून वर कुंकवाची पुडीही रिकामी केली. रेडिएटरमधून लाल पाणी गळायला लागलं तेव्हा धावत आला, "फिटर, इंजिनाला रक्त सुटलंय गा!"

ही गोष्ट मी आजवर शेकडो वेळा सांगितली. पण हळदीची दुसरी गोष्ट कधी सांगितली नाही. ती आता सांगतो.

शाणू मेस्त दिग्गीकडच्या एका वाडीतला. बैलगाड्या करायचा. सुप्यात आला तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. सुकलेला, कानावर पेन्सिल, बोलणं कोकणी वळणाचं. उभं झाड बघून त्याची फळी कुठल्या अंगाला वाकेल हे सांगायचा, आणि ती तशीच वाकायची. आमच्या कंत्राटदाराला सगळे सावकार म्हणत. आमच्याकडे मोठ्या व्यापाऱ्याला सावकारच म्हणतात, त्याचा व्याजाशी संबंध नसतो. सावकाराच्या चार लॉऱ्या होत्या. त्या काळी लॉरीची मागची पेटी लाकडाचीच असे, आणि ती करून घ्यायला लॉरी हुबळीला जायची. महिना-दीड महिना तिकडेच अडकायची.

एकदा आंब्याखाली उभा राहून मेस्त सावकाराला म्हणाला, "आमच्या रानातलं लाकूड हुबळीला जातं आणि पेटी होऊन परत येतं. आमचे हात काय मोडलेत?"

"बैलगाडी येगळी, लॉरी येगळी," सावकार म्हणाले.

"चार चाकांचं दावू करून?"

सावकारांना गंमत वाटली. प्रवासी बंगल्याच्या मागे एका लहान इंग्लिश गाडीचा सांगाडा बरीच वर्षं पावसात कुजत पडला होता. इंजिन कधीच कुणीतरी काढून नेलेलं. सावकार म्हणाले, "तो सांगाडा घे. वर तुझी लाकडाची बॉडी चढव. सहा माणसं बसवून गाडी जोयड्याचा चढ चढली, तर माझ्या चारी लॉऱ्यांच्या पेट्या तू करायच्या. आणि मी चार जणांना सांगीन ते येगळंच."

ही साधी पैज नव्हती. मेस्ताचं उरलेलं आयुष्य कुठल्या बाजूला जाणार ते त्या चढावर ठरणार होतं. बैलगाड्यांचे दिवस संपत आलेत, हे त्याला आमच्याहून आधी कळलं होतं.

सांगाड्यावरची गंजकी पत्र्याची बॉडी आम्ही आठ जणांनी मिळून उचलून टाकली. आठ जण, हा आकडा ध्यानात ठेवा. त्यानंतर पाच महिने मेस्त त्या कामावर होता. कमानींना त्यानं नाणा या झाडाचं लाकूड घेतलं, कारण ते चिवट, पातळ तासलं तरी टिकतं. वळणदार फळ्यांसाठी भात उकडायच्या हंड्यावर वाफ देऊन लाकूड वाकवलं. खिळा जवळजवळ नाहीच, सगळे सांधे खाचेत खाच बसवून. दार लावलं की बारीक 'टप' असा आवाज यायचा, डबीचं झाकण लागल्यासारखा. बॉडी झाली तेव्हा ती उचलून सांगाड्यावर ठेवायला आम्ही चौघे होतो. चौघांतला एक मी. माझ्या बाजूची कड मी सहज छातीपर्यंत उचलली होती.

राहिलं इंजिन. सावकाराच्या आवारात दोन पडली होती. एक लढाईनंतरच्या लिलावातल्या जीपचं. ती जीप कुळगीजवळ ओढ्यात कलंडली होती. दुसरं एका खाणीच्या मॅनेजरनं सोडून दिलेल्या लहान गाडीचं, म्हणजे मेस्ताच्या सांगाड्याच्याच जातीचं. सावकार म्हणाले, "फिटर ठरवील ते घ्या."

दुसऱ्या गाडीचं इंजिन घेऊन बसवायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं म्हणून सांगतो. दोन प्रश्न असतात. एक, इंजिन निरोगी आहे का. प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा आणि हॅण्डल फिरवायचं. अंगठा जोरात उडाला तर दाब चांगला. तेल दोन बोटांत चोळून बघायचं, दुधासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. दुसरा प्रश्न, ते बसतं का. टेकायच्या जागा जुळतात का, गिअरपेटीशी तोंड मिळतं का, बॉनेट बंद होतं का. जीपचं इंजिन निरोगी होतं, पण सांगाड्यात बसत नव्हतं. टेकू नवे करावे लागणार, गिअरपेटीही तिचीच घ्यावी लागणार, पंधरा दिवसांचं काम. लहान इंजिन चार बोल्टात बसणारं. अंगठा त्यानंही उडवला, तेलही स्वच्छ होतं. बाजाराचा दिवस, बघायला वीस-पंचवीस माणसं. मी कंबरेवर हात ठेवून निकाल दिला, "लहान घ्यायचं. एका रक्ताचं हाय."

मेस्त पुढं आला. दोन्ही इंजिनं फांदीला आळीपाळीनं टांगायला लावली. मग आपली लाकडी मोगरी घेतली आणि जीपच्या इंजिनाला बाजूनं ठोकलं. कान लावला. लहानाला ठोकलं. पुन्हा कान लावला. मग म्हणाला, "फिटर, ह्येच्या पोटात कीड हाय."

लोक हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. "मेस्त, ह्ये लोखंड हाय. लोखंडाला कीड लागत न्हाई."

"न्हाई लागत. पण ह्या अंगाला बद्द वाजतंय. खोड पोकळ असलं की असंच वाजतं."

"मग असं करा, इंजिन तुमी जोडा, मी फणसाचे पाट करतो."

यावर तर हशा आवरेना. मेस्तही हसला, मोगरी काखेत मारली आणि म्हणाला, "तुझं काम तू जाणं. बसंल न्हवं?"

"बसंल," मी म्हणालो.

चार दिवसांनी इंजिन धुवायला घेतलं. धुराड्याच्या नळाखालची काजळी खरवडली, तर पाणी खेळतं त्या बाजूच्या भिंतीत वीतभर तडा. तापलेल्या इंजिनात कुणी तरी ओढ्याचं गार पाणी ओतलेलं. तडा मेस्तानं ठोकलं होतं त्याच बाजूला होता.

आजही मी म्हणेन की जोडलेल्या इंजिनात नुसत्या ठोकण्यानं तडा कळत नाही, योगायोगही असेल. पण त्या घटकेला मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, सुतारानं ऐकलं आणि फिटरनं ऐकलं नाही. आंब्याखाली कुणी नव्हतं. अजून वेळ गेली नव्हती. मेस्ताच्या शेडपर्यंत जायचं आणि म्हणायचं, "कीड हाय, जीपचं घेऊ." पंधरा दिवस जास्त लागले असते, एवढंच. पण मग पुढच्या बाजाराला सगळं सुपं म्हणणार, फिटरच्या इंजिनाची परीक्षा मेस्तानं मोगरीनं केली. मी मेस्तावर उडवलेलं हसू माझ्याकडेच परत येणार होतं.

मी तड्यात लोखंडाचा कीस, नवसागर आणि गंधक यांची खळ भरली. ती गंजून दगडासारखी होते. वाफेच्या बॉयलरांना जुने लोक लावत. साध्या रस्त्याला वर्षभर टिकली असती. चढाचं काय, हा विचार मनात आला तो मी ढकलला. वरून काळा रंग मारला. आणि गाडी निघायच्या दिवशी सकाळी, कुणी नाही असं बघून, रेडिएटरमध्ये दोन मुठी हळद टाकली.

त्या दिवशी गाडीत सहा जण: मेस्त, त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी लक्ष्मी, तिघे गावातले, आणि चाकावर सावकाराचा ड्रायव्हर हुसेनसाब. मी आणि सावकार मागून लॉरीत. गाडी सपाटीला अशी गेली की सावकार मला म्हणाले, "हुबळीवाल्यांना पत्र धाडायला पायजे, आता नगं म्हणून." चढ लागला. पहिलं वळण चढली, दुसरं चढली. तिसऱ्याला वाफ दिसली. मग एक घासल्यासारखा आवाज, आणि गाडी जागच्या जागी थांबली. हुसेननं ब्रेक दाबून धरला, लोकांनी चाकांमागे दगड लावले.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिनाखालून पिवळं पाणी वाहत होतं. रस्त्यावर त्याचा ओघळ पडला होता. हुसेनसाब तिथं वाकून उभा होता. त्यानं बोट बुडवून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. पिस्टन सिलिंडरात अडकून बसले होते; हॅण्डलवर दोघे लोंबकळले तरी फिरेना.

गाडीतला एक जण म्हणाला, "फिटरनं आधीच सांगितलं हुतं की, बसंल म्हणून!" आणि त्या चढावर, धापा टाकत, सगळे पोट धरून हसले. पुढे कित्येक वर्षं या विनोदासाठी लोक माझी पाठ थोपटत. मी कधी सांगितलं नाही की तो विनोद नव्हता, तडा मला ठाऊक होता.

सावकार गाडीभोवती फिरले. कमानीवर हात मारून पाहिला. मग सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय गा फिटर? लाकूड लई झालं व्हय? वजन ओढवंना काय?"

मेस्त माझ्यासमोर उभा होता. लक्ष्मीचा हात त्याच्या हातात. त्याच्या तोंडावर राग नव्हता. तो माझ्या उत्तराची वाट बघत होता, जसा एखादा रोगी वैद्याच्या तोंडाकडे बघतो तसा. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "व्हय."

आठ जणांनी उचलली ती पत्र्याची, चौघांनी उचलली ती मेस्ताची. मला हे ठाऊक होतं, माझ्या हातांना ठाऊक होतं. तरी मी म्हणालो. आणि एकदा म्हटल्यावर जास्त पटावं म्हणून पुढे जोडलं, "सुताराचा हात जड असतोच. बैलगाडीची सवय."

लॉऱ्या हुबळीला जात राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हुसेनसाब आंब्याखाली आला. विडी पेटवली. म्हणाला, "हळदीचं पाणी मी वळखतो, फिटर. तू स्वतःच सांगशील म्हणून काल गप बसलो." मी सांगेन म्हणालो. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. थोड्याच दिवसांत तो नोकरी सोडून दांडेलीला लाकडाच्या गिरणीवर गेला. जाताना माझा निरोप घेतला नाही.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. महिन्याभरानं गेलो. मेस्त गाडीची बॉडी सोडवत बसला होता, एकेक सांधा उलटा काढत. मला बघून त्यानं पाट टाकला, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी "मेस्त, त्या दिवशी…" एवढं म्हणालो, तर त्यानंच हात वर केला.

"बरं केलंस फिटर, तोंडावर बोललास. आपली चूक आपल्याक दिसत न्हाई. सगळे 'छान, छान' म्हणत हुते. तू एकटा खरं बोललास." आणि एक कमान हातात घेऊन म्हणाला, "बघ की. ही निम्मी केली असती तरी चालली असती. मी उगाच भ्यालो."

ती कमान निम्मी केली असती तर पहिल्याच खड्ड्यात तुटली असती. मी चहा प्यालो. दुसरा कप दिला तोही प्यालो. आणि घरी आलो.

याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. खोटं मी घाबरून बोललो. हे तर मी शांतपणे, बसून, चहाबरोबर केलं. इंजिनाबद्दल खोटं बोललं तर इंजिन बिघडतं. माणसाला त्याच्या हाताबद्दल खोटं सांगितलं तर त्याचा हात बिघडतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. पुढे ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

मेस्त हलकं करायला लागला. बैलगाडीचं जू हलकं, तळाच्या साट्या हलक्या, चाकाचे आरे इतके तासलेले की बघणारा म्हणे, "मेस्त, पोटाला न्हाई काय ह्येच्या?" तो म्हणे, "वजन नको. वजनानंच घात होतो." दोन वर्षं लोकांनी ऐकलं. मग भाताच्या भाऱ्यांनी भरलेल्या एका गाडीचा कणा उतारावर मोडला आणि डावा बैल खाली सापडून त्याचा पाय गेला. त्या शेतकऱ्यानं मेस्ताच्या दारात येऊन शिव्या दिल्या. मेस्त ऐकून घेत उभा राहिला. मी त्या वेळी रस्त्यापलीकडे होतो. त्यानंतर त्याच्याकडे बैलगाडीचं काम आलं नाही. पोळपाट, लाटणी, पाट करून बाजारात मांडायचा. ते पोळपाटही इतके पातळ की उन्हात ठेवले तर वाकत. ज्या माणसाला फळी कुठं वाकेल ते उभ्या झाडात दिसायचं, त्याचे पोळपाट वाकत होते.

मी सुपं सोडून बेळगावला गेलो त्याच वर्षी, सदुसष्ट साली, तो गेला. मी मयताला गेलो होतो. खांदाही दिला.

हा मजकूर छापायला देण्याआधी तो एका माणसाला वाचून दाखवणं भाग होतं. मेस्ताची मुलगी, लक्ष्मीअक्का, रामनगरला असते. धरणात सुपं गेल्यावर तिचं घर तिथं आलं. सत्तरीची आहे, मुलगा रेल्वेत. तिच्या ओसरीवर बसून मी सगळं वाचलं, अगदी चहाच्या दुसऱ्या कपासकट. ती सुपात तांदूळ निवडत होती. हळदीशी आलो तेव्हा तिनं निवडणं थांबवलं.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "काका, आमचं घर आनी तुमचं गॅरेज, मदी किती अंतर हुतं हो?"

"हाकेवर."

"मलाबी तसंच आठवतंय." मग म्हणाली, "बाबा आजारी हुता तवा आडवा पडून वर वाशांकडं बघायचा. म्हणायचा, ह्येबी जाड झाले, मी त्या वक्ताला श्याणा नव्हतो. आमी समजायचो, म्हातारा भरमला. तो कशाला भरमतो? तुमी सांगितलेलं त्येनं खरं धरलं हुतं."

मी कागदांची घडी घातली. बोलण्यासारखं जे होतं ते कागदावर होतं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "छापा. बाबाचं नाव पुरतं घाला, शाणू विठू मेस्त. लोकांनी वाचूं दे. पण शेवटाला, 'अक्काच्या डोळ्यात पाणी आलं, तिनं मला माफ केलं', असलं काय लिवू नका. मी माफ केलेलं न्हाई. तेवढं खरं लिवा."

लिहिलं आहे.